तोंडाला काळं फासण्याआधी : गॅदरिंगची वेशभूषा गळ्यात पडलेल्या नव्या शिक्षकांसाठी

डिसेंबर लागला की आमच्या कृष्णाकाठी दोन गोष्टी जोरात येतात, साखर कारखान्याचा हंगाम आणि शाळेचं गॅदरिंग. शाळेत नवा शिक्षणसेवक आला असेल तर स्टाफरूममध्ये फार चर्चा होत नाही. मतदार यादी आणि गॅदरिंगची वेशभूषा, दोन्ही त्याच्याच गळ्यात पडतात. त्यातून हा नाटकवाल्यांचा जिल्हा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं. तेव्हापासून इथल्या लोकांना रंग लावलेलं तोंड दिसलं की थांबून बघायची खोड आहे. पालक येणार, बघणार, मोबाइलवर घेणार, आणि तुम्ही केलेलं बरंवाईट गाव पुढची वीस वर्षं विसरणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत सव्वीस वर्षं काढली. त्यातली निम्मी तरी ड्रेपरीच्या, म्हणजे भाड्यानं आणलेल्या वेशांच्या, ट्रंका उचलण्यात गेली. खाली सांगते आहे ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालेलं नाही.

आधी माझी चूक

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी ‘आदिवासी नृत्य’ बसवलं. चौथीची बारा पोरं. अशोकाची पानं सुतळीत ओवून कमरेला, डोक्याला कोंबड्याची पिसं, हातात थर्माकोलचे भाले, आणि अंगभर काजळ नि खोबरेल तेल. कुठले आदिवासी, कुठल्या डोंगरातले, बोलतात काय, हे कुणी विचारलं असतं तर मला एक वाक्य सांगता आलं नसतं. वारली असोत, कातकरी असोत, कोलाम असोत की माडिया गोंड, पानं गुंडाळून हुर्र हुर्र करणारं यांत कोणीच नाही. पण ते शोधायची गरजच मला वाटली नव्हती.

रंग लावायच्या रांगेत एक काळी मुलगी होती. तिचा नंबर आला तेव्हा मी म्हणाले, “हिला रंग नको, हिचं असंच भागतंय.” सगळे हसले. तीही हसली. नाचाला पहिला नंबर मिळाला. पुढचे तीन दिवस ती शाळेत आली नाही आणि मी हजेरीत ‘आजारी’ लिहिलं.

तोंडाला काळं फासणं म्हणजे काय, हे वर्गात वाक्प्रचार म्हणून मीच शिकवत होते.

पायरी १ : यादीचे तीन ढीग करा

वर्गशिक्षकांकडून वेशभूषांची यादी आली की लगेच ड्रेपरीवाल्याला फोन लावू नका. कागदावर तीन ढीग करा.

पहिला ढीग व्यक्तींचा : सावित्रीबाई, शिवाजी महाराज, गाडगेबाबा, कल्पना चावला. दुसरा कामांचा : पोस्टमन, डॉक्टर, कंडक्टर, भाजीवाली. या दोन ढिगांत सहसा अडचण येत नाही. फक्त एक नजर टाका, की भाजीवाली करताना पोरीला काळं आणि फाटकं करताय का, आणि डॉक्टरीण करताना पावडर थापताय का.

तिसरा ढीग समाजांचा : आदिवासी, लमाण, धनगर, कोळी, काश्मिरी, ‘आफ्रिकन’, ‘रेड इंडियन’, नंदीबैलवाला, पोतराज, जोगतीण. तुमचं खरं काम या ढिगात आहे. सावित्रीबाईंचा वेश करणारी पोरगी एका माणसाची गोष्ट सांगते. ‘लमाणीण’ झालेली पोरगी हजारो जिवंत बायकांबद्दल ‘ह्या अशा असतात’ असं सांगत असते, आणि त्यातली एखादी समोर सतरंजीवर बसलेली असू शकते.

या ढिगातून दोन वेश मी सरळ काढून टाकते. पोतराज आणि जोगतीण. कडकलक्ष्मीच्या नावानं अंगावर आसूड ओढून घेणारा बाप्या हौसेनं तसं करत नव्हता. मातंग घरातल्या पोराला नवसापोटी सोडलं जायचं आणि मग त्याचं शिक्षण, लग्न, सगळं त्या आसुडाला बांधलं जायचं. जोगतिणीचंही तेच. जतच्या यल्लम्माची जत्रा इथल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात २००५ चा कायदा आहे हेही माहीत असायला हवं. सहा वर्षांच्या पोराच्या हातात टाळ्यांसाठी द्यायच्या या गोष्टी नव्हेत. त्यांच्यावर गंभीर नाटक बसवायचं असेल तर मोठ्या वर्गाबरोबर, वेळ देऊन बसवा.

पायरी २ : कातडीचा रंग बदलायचा नाही

हा नियम मी वाटाघाटीला ठेवत नाही. पागोटं बदला, लुगडं बदला, मिशी लावा. कातडी आहे तशी राहू द्या.

कारण विचारतील, तेव्हा हे सांगा. अमेरिकेत १८३० च्या आसपास थॉमस राइस नावाचा गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला लावून काळ्या गुलामाची नक्कल करायचा. वेडंवाकडं नाचणारं, गबाळं पात्र. नाव ‘जिम क्रो’. लोक खदाखदा हसायचे. त्या नकलांची तिथं एक अख्खी रंगभूमी झाली. पुढं काळ्यांना वेगळी शाळा, वेगळा नळ, बसमध्ये मागची जागा, असे कायदे झाले तेव्हा त्या कायद्यांनाही त्याच विनोदी पात्राचं नाव चिकटलं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत ते चाललं. तिथं काळं केलेलं तोंड बघून माणसं अजून का भडकतात, ते यावरून कळेल.

शिक्षकांसाठी जवळचं उदाहरण कॅनडातलं आहे. जस्टिन ट्रूडो पंतप्रधान असताना, ऐन निवडणुकीत, सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांचा २००१ चा एक फोटो बाहेर आला. तेव्हा ते एका शाळेत शिक्षक होते. शाळेच्या ‘अरेबियन नाइट्स’ थीमच्या कार्यक्रमात डोक्याला फेटा आणि तोंड-हात काळपट रंगवलेले. जाहीर माफी मागावी लागली. अठरा वर्षांनी! गॅदरिंगचे फोटो कुठं जात नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

“पण बाई, आपल्याकडं कुठं आहेत आफ्रिकन?” हा प्रश्न हमखास येतो. आहेत. बेळगाव ओलांडून हल्याळ-यल्लापूरकडं गेलात की सिद्दी लोकांच्या वस्त्या लागतात. आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, कोकणी आणि कन्नड बोलणारे, २००३ पासून कर्नाटकात अनुसूचित जमातीत. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याच इतिहासाच्या पुस्तकात आहेत. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. आणि मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावानं मारलं, तेही आपल्याच देशात. ‘आफ्रिकन डान्स’ला हसायला शिकलेली पोरं मोठी होऊन शहरात जातात.

शिवाय त्या नोएडापर्यंत जायची गरजच नाही. पात्रं कशी वाटली आहेत ते बघा. जिजाऊ कोण? राधा कोण? परी कोण? आणि राक्षस, चोर, भिकारी, ‘आदिवासी’ कोण? मी एकदा जुन्या गॅदरिंगचे फोटो मांडून बसले. आमच्या शाळेत पंधरा वर्षांत काळ्या पोरीला राणी मिळाली नव्हती. कुणी तसं ठरवलं नव्हतं. ते आपोआप होत होतं, आणि आपोआप होतं म्हणूनच यादी हातात घेऊन बसावं लागतं.

पायरी ३ : हे कुणाचं आहे, आणि त्यांना विचारलंय का?

‘कल्चरल अ‍ॅप्रोप्रिएशन’ला मराठीत कोणी सांस्कृतिक विनियोग म्हणतात. तो शब्द ऐकून कुणालाच काही बोध होत नाही. मी एका बैठकीत ‘सांस्कृतिक उचलेगिरी’ म्हणून मोकळी झाले आणि मग जीभ चावली. उचल्या हे एका जमातीचं नाव आहे, इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या. म्हणजे दुसऱ्याचं काही घेताना विचार करा, हे सांगतानाच मी एका समाजाचं नाव चोरीसाठी वापरलं. तेव्हापासून ‘न विचारता घेणं’ एवढंच म्हणते.

समजवायला कोल्हापुरी चप्पल पुरते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या शोमध्ये अगदी आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि त्या कुठल्या हे सांगितलंच नाही. आपल्याकडं केवढा गदारोळ झाला. मग कंपनीनं मान्य केलं, की ही भारतीय कारागिरीची प्रेरणा. या चपलेचं भौगोलिक मानांकन २०१९ चं, त्यातल्या आठ जिल्ह्यांत सांगली आणि सातारा दोन्ही आहेत. तेव्हा राग येण्याचा हक्क आपला होताच. पण त्याच आठवड्यात मी स्टाफरूममध्ये विचारलं, की ‘आपली’ चप्पल म्हणतो ती शिवणारं घर आपल्या गावात कुठल्या टोकाला आहे? त्या घरातला पोरगा गॅदरिंगच्या नाटकात काय असतो? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग चहा आला.

ड्रेपरीच्या दुकानात ‘रेड इंडियन’चा सेट मिळतो, रंगीत पिसांचा मुकुट. तो नको म्हणा. अमेरिकेतल्या मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांत गरुडाचं एकेक पीस पराक्रमानं किंवा समाजासाठी केलेल्या कामानं मिळवावं लागतं. आपल्याकडं कुणी वाढदिवसाच्या पार्टीत परमवीरचक्र लटकवून नाचलं तर कसं दिसेल, तसंच ते. नावही टाकून द्या. तिथल्या एका मोठ्या फुटबॉल संघानं ‘रेडस्किन्स’ हे स्वतःचं नाव २०२० मध्ये सोडलं, आपल्या ड्रेपरीवाल्याला ते अजून कळलेलं नाही.

आता विचारायचं कसं, ते सांगते.

गॅदरिंग असतं त्याच महिन्यांत ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात. बीडकडून, जतकडून. कोप्यांवरची, म्हणजे त्यांच्या झोपड्यांमधली, पोरं हंगामापुरती आपल्या शाळेत बसतात, मागच्या ओळीत, आणि बहुतेकदा कुठल्याच नाचात नसतात, कारण ‘ती काय, जाणारच आहेत’. एका वर्षी पाचवीचं ‘लमाणी नृत्य’ चाललं होतं, सिनेमातल्या गाण्यावर. सराव बघत दारात एक लमाण तांड्यावरची पोरगी उभी होती. तिला म्हटलं, तुझ्या घरी कुणाला विचारता येईल का? संध्याकाळी मी कोपीवर गेले.

तिच्या आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “माझी नात नाचात हाय का?”

नव्हती.

“मग मला कशाला इचारता, बाई?”

त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोरगी नाचात आली. त्यानंतर आजी दोनदा शाळेत आल्या. घागऱ्याला फेटिया म्हणायचं, चोळीला कांचळी, हे आमच्या पाचवीला त्यांनी शिकवलं. सिनेमातलं गाणं ऐकून तोंडाला पदर लावून हसल्या आणि होळीला म्हणतात ती लेंगी म्हणून दाखवली. मी जरा धीर करून त्यांचा जुना फेटिया स्टेजसाठी मागितला. सरळ नाही म्हणाल्या. लग्नातला होता. विचारायला गेलं की कधी नकार मिळतो, तो घेऊन परत यायचं. आम्ही साध्या घागऱ्यांना आरसे टाके घालून लावले आणि निवेदनात नातीनं स्वतः सांगितलं, हे आमच्या तांड्याकडचं गाणं.

यातून निघालेली कृती अशी. त्या समाजातलं कुणी शाळेत, गावात, शेजारच्या वाडीवर आहे का ते शोधा. त्यांच्या पोराला नाचात आधी घ्या आणि सल्ला नंतर मागा. सरावाला बोलवाल तर येण्याजाण्याचे पैसे, चहा आणि स्टेजवर खुर्ची द्या. कुणीच सापडत नसेल तर तो नाच करू नका, गॅदरिंगमध्ये नाचांची कमी नसते. धनगरी गजीनृत्य बसवायचं तर आटपाडी-जतकडं, आरेवाडीच्या बिरोबाच्या वाटेवर, गजी करणारी मंडळं आहेत. एक दिवस त्यांना शिकवायला बोलवा. घोंगडं खांद्यावर कसं टाकायचं हे तेच दाखवतील, आणि भंडारा उधळायचा की नाही हेही तेच ठरवतील.

पायरी ४ : स्वतःची झडती

ही पायरी पोरांसाठी नाही, स्टाफरूमसाठी आहे.

१९८८ मध्ये पेगी मॅकिंटॉश या अमेरिकन प्राध्यापिकेनं स्वतः गोरी असल्यामुळं न मागता मिळणाऱ्या सवलतींची यादी केली. ४६ मुद्दे. त्यात एक अगदी बारीक आहे : जखमेवर लावायची ‘कातडीच्या रंगाची’ पट्टी माझ्या कातडीशी जुळते. आता आपल्या वर्गातली खडूंची पेटी उघडा. फिकट गुलाबी खडूला पोरं काय म्हणतात? ‘स्किन कलर’. सांगलीतल्या किती पोरांची कातडी तशी आहे?

तशी यादी आपल्यासाठी करा. मी माझी केली ती अशी सुरू झाली : माझं आडनाव ऐकून घरमालकानं खोली नाकारली नाही. गावात चोरी झाली तर पोलीस माझ्या वस्तीवर येत नाहीत. माझ्या जातीचं नाव कुणी शिवी म्हणून वापरत नाही. माझ्या आईचं लुगडं ड्रेपरीच्या दुकानात ‘कॅरेक्टर’ म्हणून टांगलेलं नाही. दुसरा मुद्दा लिहिताना १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवला. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, पण पारध्याच्या पालावर पहाटे पडणारी धाड त्यानंतरही थांबलेली नाही.

“हे वंशाचं प्रकरण अमेरिकेतलं, आपल्याकडं जात आहे, दोन्हीची गल्लत करू नका,” असं एक सर नेहमी म्हणतात. गल्लत नको, हे बरोबरच आहे. गुलामांचा बाजार आणि गावकुसाबाहेरची वस्ती या दोन वेगळ्या घडणी आहेत. पण दोन्हीकडं एकदम बघणारी माणसं आपल्याकडंच होऊन गेली. ज्यांचं मूळ गाव साताऱ्यातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. दीडशे वर्षांपूर्वी त्यांना सांधा दिसला, आपण निदान बघून तरी घेऊ.

एक गोष्ट मात्र करू नका. वर्गात पोरांना जातीवरून उभं करून, हात वर करायला लावून ‘कुणाला काय सवलत’ असले खेळ घेऊ नका. शहरात कुठंतरी बघून एका तरुण मास्तरांनी असा प्रकार केला होता. ज्यांचे हात वर गेले नाहीत ती पोरं दिवसभर खाली मान घालून बसली होती.

पायरी ५ : निवेदन आणि गमतीचे वेश

वेश नीट झाला आणि निवेदकानं ‘आता येत आहेत जंगली आदिवासी’ म्हटलं की सगळं पाण्यात. निवेदनाचा कागद आदल्या दिवशी स्वतः वाचा. जंगली, रानटी, हबशी, भटके लोक, ‘मागासलेले पण भोळे’ हे सगळं खोडा. समाजाचं नाव नेमकं लिहा.

गमतीच्या वेशांत तीन हमखास येतात. दाढी लावून, डोक्याला रुमाल बांधून केलेला ‘अतिरेकी’, टाळ्या वाजवणारा तृतीयपंथी, आणि काठी टेकत येणारा आंधळा भिकारी. मोठी मुस्लिम वस्ती असलेलं मिरज इथून हाकेच्या अंतरावर. पहिल्या रांगेत दाढीवाले पालक बसलेले असतात आणि त्यांच्याच मुलानं तुमच्या कार्यक्रमाची माइक-व्यवस्था केलेली असते. एवढं डोळ्यांसमोर आणलं तरी पुरे.

पायरी ६ : लोकांना पटवणं

मुख्याध्यापकांना तत्त्वज्ञान नको असतं, त्यांना तक्रार नको असते. त्यांना ट्रूडोंचा फोटो सांगा. पालकांना ‘तुमचं चुकलं’ म्हणू नका, बहुतेकांनी तीनशे रुपये भरून वेश आणलेला असतो आणि पोर रात्रभर अंगावरून काढत नसतं. त्यांना पर्याय द्या : “ताई, ह्याला आदिवासीऐवजी बिरसा मुंडा करूया का? धोतर, पागोटं, चार वाक्यं मी लिहून देते.” समाजाचा वेश माणसाच्या गोष्टीत बदलला की निम्मं काम होतं. ड्रेपरीवाले दादा ट्रंकेत आहे तेच देणार. त्यांच्याशी भांडू नका, पंधरा दिवस आधी यादी द्या.

कुणी म्हणेल, “पोरांची हौस आहे हो, एवढं काय मनावर घ्यायचं?” हौस पोरांचीच असते हे खरं, पण कल्पना आपली असते. मी तेव्हा त्या रांगेतल्या पोरीची गोष्ट सांगते. वाद तिथं थांबतो असं नाही, पण आवाज खाली येतो.

होऊन गेलं असेल तर

फोटो काढून टाका. ज्या पोराला लागलंय त्याच्या घरी जा, शाळेत बोलावू नका. “तुम्हाला वाईट वाटलं असेल तर” असं म्हणू नका, काय केलं ते नाव घेऊन सांगा. मी त्या मुलीच्या घरी गेले ती फार उशिरा, तिचं लग्न ठरल्याचं कळल्यावर. तिनं चहा केला. तिला तो दिवस आठवत होता, आणि मी काय म्हणाले होते तेही शब्दाला शब्द. “बाई, मला नाच येत होता,” एवढंच ती म्हणाली.

ट्रंका परत करताना आरसे, कंबरपट्टे आणि फेटे मोजून पावतीवर लिहून घ्या. सामान दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पोचवा, नाहीतर आणखी एका दिवसाचं भाडं लावतात आणि ते तुमच्या खिशातून जातं.